रथी, रथ आणि रस्ता

आजारी माणसाच्या उशाशी औषधाची बाटली येण्याआधी एक प्रश्न येऊन बसतो : "काय खाल्ले होतेस?" ताप असो, खोकला असो, की नुसते अंग मोडून आलेले असो, विचारणारा आधी जेवणाची चौकशी करतो आणि मग थर्मामीटर शोधतो. आमच्या घरी हा प्रश्न सासूबाई विचारतात. त्यांच्या विचारण्यात काळजी असते, परंतु त्या काळजीच्या पाठोपाठ थोडी फिर्यादही असते. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. नातवाने बर्डीवर काहीतरी खाल्ले असणार, सुनेने रात्री केस धुतले असणार, आणि मुलगा तर काय, लहानपणापासूनच कोणाचे ऐकत नाही. मुलाचे वय आता पन्नाशीच्या घरात आले आहे, ही बाब त्या जमेस धरीत नाहीत.

दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न घरोघरी जरा अधिकच ऐकू येतो. दुपारी ऊन भाजते, पहाटे अंगावर पांघरूण लागते, पावसाचे साचलेले पाणी डासांना पोसत असते, आणि दर दोन घरांआड एक माणूस तापाने निजलेला असतो. शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक थट्टेने म्हणत. कारण याच दिवसांत वैद्यांचे पोट चांगले भरे. त्यातच धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीचे स्मरण करतो आणि धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. तेव्हा हा प्रश्न आला कोठून, आणि तो कोणी, कोणाला, केव्हा विचारावा, याचा थोडा विचार या निमित्ताने करावा असे मनात आले. मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवते. पण जुने ग्रंथ चाळण्याची खोड आहे, आणि या प्रश्नाचे मूळ त्या ग्रंथांत अगदी स्पष्ट सापडते.

आपल्या जुन्या वैद्यकाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चरकाने आयुर्वेदाची दोन प्रयोजने सांगितली : निरोगी माणसाचे आरोग्य राखणे आणि रोग्याचा रोग घालवणे. यांत निरोगी माणूस आधी आला आहे. म्हणून या ग्रंथांत काढे आणि चूर्णे येण्याच्या पुष्कळ आधी सकाळी केव्हा उठावे, दात कशाने घासावेत, कोणत्या ऋतूत काय खावे, झोप किती घ्यावी, याचे विवेचन येते. त्यालाच दिनचर्या आणि ऋतुचर्या म्हणतात. वाग्भटाने अंगाला तेल लावण्याची गोष्ट नित्य करायला सांगितली आहे. आपण ती वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीला, कुडकुडत आणि घाईघाईने करतो. पण अजीर्ण झालेल्या माणसाने अभ्यंग करू नये, असेही वाग्भट बजावतो. म्हणजे आदल्या रात्रीपासूनच चकलीच्या डब्याशी सलगी करणाऱ्यांची ती सोयही गेली!

शरद ऋतूच्या पथ्यात तर त्याने आपल्या फराळाचे नावच घेतले आहे असे वाटावे. या दिवसांत पोट तडस लागेपर्यंत खाऊ नये, तेल टाळावे, दही टाळावे, दुपारी झोपू नये, उन्हात हिंडू नये. तांदूळ, मूग, पडवळ, आवळा यांवर भर द्यावा. आता लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाहुण्यांपुढे मुगाचे वरण आणि पडवळाची भाजी ठेवण्याचे धैर्य कोणत्या गृहिणीला होणार आहे? आपल्या पूर्वजांनी शास्त्रही लिहिले आणि त्याच ऋतूत कढईही चढवली. शास्त्र आणि सण यांचे भांडण त्यांनी कधी पुरते मिटवलेच नाही, आणि त्यामुळे ते मला अधिकच आपले वाटतात.

असे ठाऊक असूनही आपण चुकतो, त्याला चरकाने एक सुरेख नाव दिले आहे : प्रज्ञापराध. आपल्याच शहाणपणाविरुद्ध आपण केलेला अपराध. त्याची फोड करताना त्याने तीन गोष्टी सांगितल्या : धी, धृती आणि स्मृती. बरेवाईट कळणे ती धी. कळलेल्या गोष्टीला धरून राहणे ती धृती. आणि मागे काय झाले होते ते आठवणे ती स्मृती. चौथी करंजी उचलताना या तिघींचे काय होते ते ज्याचे त्याने पाहावे. ती जड पडणार हे धीला कळलेले असते, धृतीचा हात ढिला पडतो, आणि गेल्या दिवाळीतली सोडा घेऊन काढलेली रात्र स्मृती सोयीस्करपणे विसरते.

याच चरकाने तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे सांगितले आहे. त्यांत शिंक आहे, जांभई आहे, भूक, तहान, झोप आहे, आणि अश्रूही आहेत. रडू आले तर ते दाबू नये, त्याने आजार होतो, असे सांगणारा वैद्य मला फार जवळचा वाटतो. परंतु त्याच अध्यायात लगेच दुसरी यादी येते, ती अडवण्याच्या वेगांची : लोभ, राग, मत्सर, निर्लज्जपणा, कठोर बोलणे, खोटे बोलणे. महाविद्यालयाच्या लांबलचक सभांत आम्ही प्राध्यापक मंडळी हे नेमके उलटे करतो. जांभया दाबून धरतो आणि बाकीचे सगळे मोकळे सोडतो.

या साऱ्याचे सार चरकाने एका दाखल्यात सांगितले आहे. शहराचा अधिकारी जसा शहराच्या कारभारात डोळ्यांत तेल घालून राहतो, रथी जसा आपल्या रथाला जपतो, तसे शहाण्याने आपल्या शरीराला जपावे. रथ तुमचा आहे. कुरकुरणारे चाक आधी तुम्हालाच ऐकू येणार. दुसऱ्याने येऊन वंगण घालावे म्हणून वाट पाहू नका. यापेक्षा सरळ सल्ला तो कोणता?

झाडपाल्याच्या औषधांविषयीही पूर्वजांचे मत याच सल्ल्याला धरून होते, आणि ते आपण समजतो त्याहून पुष्कळ सावध होते. जीवकाची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. बुद्धाच्या काळचा हा वैद्य तक्षशिलेला सात वर्षे शिकला. शेवटी गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेभोवती योजनभर फीर आणि औषध नव्हे अशी वनस्पती घेऊन ये. जीवक हिंडून रिकाम्या हाताने परतला. तशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती, आणि तीच त्याची परीक्षा ठरली.

ही गोष्ट ऐकून आपल्याला वाटते, म्हणजे कोणताही पाला उकळून प्यावा! चरकाचेही मत जीवकासारखेच, जगात औषध नाही असे द्रव्य नाही. पण लगेच तो अट घालतो : योजना हवी, आणि हेतू ठाऊक हवा. वनस्पतींची नावे आणि रूपे गुराख्यांना, मेंढपाळांना, रानात राहणाऱ्यांना ठाऊक असतात, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. पण कोणाला, केव्हा, किती द्यायचे हे ज्याला कळते तोच वैद्य, असे म्हणतो. नीट योजले तर तीव्र विषही उत्तम औषध होते आणि वाईट रीतीने योजलेले औषध विष होते, असेही त्याने सांगून ठेवले आहे. "झाडपाल्याचेच तर आहे, गुण आला नाही तरी अपाय व्हायचा नाही," हे वाक्य आपण पूर्वजांच्या नावावर खपवतो. ते त्यांचे नाही.

महामारीच्या दिवसांत, २०२० आणि २०२१ साली, आपल्यापैकी कितीजणांनी गुळवेलीचे काढे घेतले असतील याची मोजदाद नाही. आमच्या गल्लीतही कडुनिंबावर चढलेला एक वेल अल्पावधीत बोडका झाला होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली; गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, वनस्पतीची ओळख आधी पटवायला हवी होती, असे म्हटले. वादात मी पडत नाही. पण दोन्ही बाजू ऐकल्यावर सामान्य माणसाने घ्यायचा बोध एकच उरतो. वेल ओळखता येत नसेल तर तोडू नये, आणि पोटात काय चालले आहे ते डॉक्टरपासून लपवू नये.

मराठी घरांत या विद्येचा आदर होता, तसा तिचा अभ्यासही होता. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ पुष्कळ घरांत रामायण-महाभारताच्या शेजारी असे. याच पदेशास्त्र्यांच्या खटपटीने १९०७ साली नाशिकला देशभरच्या वैद्यांचे संमेलन सुरू झाले. घरच्या आजीच्या बटव्यात सुंठ, हिरडा, वेखंड, जायफळ, मुरडशेंग असे. पण बटव्याला मर्यादाही असे. आजी मुलाला दोन दिवस सुंठ उगाळून देई आणि तिसऱ्या दिवशी, "आता वैद्याला बोलवा," म्हणे. त्या तिसऱ्या दिवसाच्या शहाणपणावरच घर चालत असे.

चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. रोग्याला त्याने चौथा पाय मानले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चांगल्या रोग्याचे चार गुण सांगितले आहेत : त्याला झालेले आठवावे, त्याने सांगितलेले पाळावे, त्याने घाबरू नये, आणि आपल्याला काय होते ते त्याला सांगता यावे. या यादीत रोगी पापी आहे की पुण्यवान, हे कोठेही विचारलेले नाही.

येथपर्यंत सारे गोड आहे. पण जुन्या ग्रंथांचे सगळेच पान गोड नसते, आणि आवडते तेवढे वाचून पुस्तक मिटणे हे शिकवणाऱ्याला शोभत नाही.

ग्रंथांत कुष्ठाचे प्रकरण आहे. पूर्वी त्या नावाखाली त्वचेचे पुष्कळ रोग येत. त्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात मोठे आणि अकरा लहान. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो त्यांत अंतर्भूत आहे. या रोगाची कारणे सांगताना विरुद्ध आहार येतो, अजीर्णावर जेवणे येते, आणि त्याच ओळीत पापकर्मही येते. गंमत अशी की याच परंपरेत सुश्रुताने कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले. ते झाड पश्चिम घाटात होते. आपल्याकडे त्याला कडू कवठ म्हणतात. याच जातीच्या झाडांच्या बियांचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरात आले. १९१५ च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने ते टोचून देण्याजोगे केले, आणि १९४० नंतर नवी औषधे निघेपर्यंत रोग्यांना आधार होता तो मुख्यतः त्याचाच. एकाच विद्येने एका हाताने तेल दिले आणि दुसऱ्या हाताने दोष दिला. लोकांनी तेल विसरले. दोष मात्र शेकडो वर्षे लक्षात ठेवला.

त्याचे भोग आमच्या विदर्भाने पाहिले आहेत. रोग उघडकीस आला की माणूस घरातून जाई, गावातून जाई, आणि शेवटी माणसांतून जाई. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली या रोगाचे जंतू पाहिले, तरी पाप काही लोकांच्या मनातून गेले नाही. मग काही माणसे उलट्या दिशेने चालू लागली. १९३६ साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभे केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन वसवले. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई वरोऱ्याजवळच्या माळावर गेले आणि तेथे आनंदवन झाले.

सेवाग्रामची हकीकत तर मला नेहमी विचारात पाडते. आरोग्य ही ज्याची त्याची जबाबदारी, हे गांधीजींइतके कठोरपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी डॉक्टरांवर मोठी टीका केली आहे. मी जास्त जेवतो, अजीर्ण होते, डॉक्टर गोळी देतो, बरे वाटते, आणि मी पुन्हा जास्त जेवतो. गोळी मिळाली नसती तर शहाणा झालो असतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुढे १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनाच आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि त्यांनी ती करून घेतली. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, जवळ झोपडी बांधून दिली, आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केली. अजीर्णाच्या माणसाला खडसावणारे गांधीजी शास्त्रीबुवांना मात्र कसलाही जाब विचारीत बसले नाहीत; त्यांनी तेलाची वाटी घेतली.

कायद्याला मात्र वेळ लागला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ सालापर्यंत होते. एकापेक्षा अधिक औषधांचे उपचार येऊन, रोग पुरता बरा होऊ लागून तोवर साडेतीन दशके लोटली होती.

आता कोणी म्हणेल, मग पूर्वजांचे चुकलेच ना? एवढ्या घाईने निकाल देण्याजोगे ते साधे नव्हते. ज्या परंपरेने प्रज्ञापराध सांगितला तिनेच त्याची मर्यादाही आखून दिली. सुश्रुताने रोगांचे सात गट केले आहेत. त्यांतला पहिलाच गट आईबापांच्या बीजातून येणाऱ्या रोगांचा आहे. दुसरा गर्भात असताना होणाऱ्यांचा, पुढे आघाताने होणाऱ्यांचा, ऋतूमुळे होणाऱ्यांचा, आणि शेवटी भूक, तहान, म्हातारपण अशा स्वभावानेच येणाऱ्यांचा. यांतल्या कितींना "काय खाल्ले होतेस?" हे विचारण्यात अर्थ आहे? आमच्या मराठीतही समर्थांनी दासबोधात तापत्रय सांगताना आपल्या देहातून उपजणारे दुःख आणि बाहेरच्या भूतमात्रांकडून होणारे दुःख असे निरनिराळे ढीग केले आहेत. दुःख सारखे दिसले तरी त्याचा उगम एक नसतो, हे त्यांना ठाऊक होते.

या पहिल्या गटातला एक रोग आमच्या विदर्भाच्या पाठीशी लागला आहे : सिकलसेल. भारतात तो १९५२ साली निलगिरीत आढळला, आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूरकडील लोकांतही तो असल्याचे 'लॅन्सेट' या नियतकालिकात कळवले. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतात. इतकेच काय, मलेरियाच्या मुलखात हा वाहकपणा त्यांना तारून नेत आला आहे. म्हणजे जे बीज पूर्वजांना जगवण्यासाठी टिकले, तेच दुप्पट होऊन नातवाला छळते. यात कोणाच्या पथ्याचा दोष काढायचा?

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात गडचिरोलीकडची एक मुलगी होती. थंडीत ती आठ-आठ दिवस दिसत नसे. एकदा मी कारण विचारले, तर खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, घरचे म्हणतात, ही धड खातच नाही, म्हणून हिला असं होते." तोवर तिला कडू काढे पाजून झाले होते, उपास करवून झाले होते, आळशी म्हणूनही झाले होते. पुढे सरकारी तपासणीत तिचा आजार कळला, औषध सुरू झाले. निदान ऐकून ती रडली असेल असे मला वाटले होते. पण तिने मला सांगितले ते वेगळेच : "मॅडम, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं." आजारापेक्षा त्या आरोपाचेच ओझे तिला अधिक झाले होते.

आणि गोष्ट येथे संपत नाही. ती मुलगी त्यानंतर स्वतःला जपण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा पुढे गेली. पिशवीत पाण्याची बाटली, थंडीत कानाला रुमाल, औषधाची वेळ चुकवायची नाही, ताप आला की अंगावर काढायचा नाही. कारण पाणी कमी पडले, थंडी बाधली, फार दमणूक झाली की कळा येतात हे तिला डॉक्टरांनी नीट समजावले होते. चरकाच्या चांगल्या रोग्याचे चारही गुण तिच्या अंगी होते. दोष उतरला तेव्हाच तिला जबाबदारी उचलता आली. या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि तेथे आपली गफलत होते. २०२३ पासून सरकारने देशभर सिकलसेलची मोहीम चालवली आहे. लग्नाआधी रक्त तपासून घेणे हे आता तरुणांच्या हातात आहे. पत्रिका पाहण्याला जेवढा वेळ देतो, त्याच्या शंभराव्या हिश्शात हे काम होते.

रथीकडून आणि रथाकडून आता रस्त्याकडे येऊ. चरकसंहितेत एक अध्याय साथींविषयी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस आत्रेय ऋषी कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठच्या वनात शिष्यांसह फिरत आहेत. पुढे अरिष्ट येणार असे दिसते, तेव्हा जमिनीचा कस जाण्याआधी औषधी वनस्पती गोळा करून ठेवा, असे ते शिष्यांना सांगतात. साथीच्या आधी तयारी ठेवावी, ही गोष्ट आपण किती उशिरा शिकलो! मग अग्निवेश एक अत्यंत बुद्धिमान शंका काढतो. माणसांच्या प्रकृती निराळ्या, आहार निराळा, बळ निराळे, वय निराळे. मग एकाच वेळी एकाच रोगाने सगळे कसे मरतात? आत्रेय उत्तर देतात : हवा, पाणी, जमीन आणि काळ या चार गोष्टी सर्वांना समान असतात, त्या बिघडल्या की मुलूखच्या मुलूख उद्ध्वस्त होतो. आणि त्या कशाने बिघडतात? अधर्माने. पुढारी, अधिकारी आपला धर्म सोडतात, व्यापारी आणि नागरिक त्यांचे अनुकरण करतात, आणि मग निरपराधही त्यात सापडतात. या अधर्माच्या मुळाशीही प्रज्ञापराधच आहे, असे चरक म्हणतो. मात्र येथे अपराधी खाटेवर निजलेला नाही. तो खुर्चीवर बसलेला आहे.

हे वाचताना आमचे नागपूर आठवल्यावाचून राहत नाही. १९५८ सालीच येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. पुढे १९७४ साली तिचे 'नीरी' असे नामकरण झाले. पाणी आणि हवा कशाने बिघडतात हे शोधणे हेच तिचे काम. अग्निवेशाच्या शंकेचीच ती प्रयोगशाळा म्हणावी. आणि त्याच शहरातून नाग नदी सांडपाणी वाहत जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचे पाणी उसळून ती घराघरांत शिरली. कित्येक घरांत चिखल काढण्यातच दिवस गेले. अशा वेळी ज्याला ताप येतो त्याला आपण आहाराविषयी काय विचारणार?

उन्हाळ्याचेही तसेच. वाग्भटाची ग्रीष्मचर्या वाचण्यासारखी आहे. हलके, गोड, पातळ खावे; श्रम आणि ऊन टाळावे; सुगंधी गार पाणी शिंपडलेल्या पडद्यांच्या घरात दुपारची झोप घ्यावी; दिवसा झोपायला या एकाच ऋतूत परवानगी आहे. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांनी आणि पुढे कूलरने हीच सोय केली. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की आम्ही कैरीचे पन्हे पितो, खिशात कांदा घालतो आणि दारे लावून घेतो. पण त्याच दुपारी समोरच्या इमारतीवर विटा चढवणाऱ्या बाईला वाग्भटाने काय सांगावे? ऋतुचर्या तिला ठाऊक नाही असे नाही. तिची दुपार तिच्या मालकीची नाही, एवढेच. तिची ऋतुचर्या कंत्राटदाराने पाळायची आहे. दुपारी बारा ते चार काम थांबवून आणि माठभर पाणी ठेवून ती त्याला पाळता येते.

तेव्हा वाचकहो, पूर्वजांनी दिलेला वारसा मी असा समजते. माझा रथ मी जपावा. कढईपुढे उभी असताना धी, धृती आणि स्मृती तिघींनाही हाक मारावी. काढा घेतला तर ओळखून, मापाने, आणि डॉक्टरला सांगून घ्यावा. पण दुसऱ्याचा रथ मोडलेला दिसला की आधी रस्ता पाहावा, आणि तो रथ त्याला कसा मिळाला तेही पाहावे. "काय खाल्ले होतेस?" हा प्रश्न स्वतःला, आणि तोही खाण्याच्या आधी विचारावा, म्हणजे तो फार गुणकारी आहे. निजलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न दुसरा आहे : "तुला काय हवे?"

परवा हे सगळे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, सूनबाई. पण विचारलंच नाही, तर पथ्य काय सांगायचं ते कसं कळणार?" त्यांचेही खरे आहे. वैद्यालाही विचारावेच लागते. फक्त विचारताना सूर फिर्यादीचा नसावा, एवढीच विनंती मी त्यांना केली. आणि आवळ्याचा मुरंबा करायला घेतला आहे, तो आपल्या दोघींच्याही शास्त्रात बसतो, असे सांगितले.